माळवदावरचा मणी

आईने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "ही वजरी हाय की गं."

होती वजरीच. भाजलेल्या मातीची, तळहातात मावेल एवढी. एका अंगाला आडव्याउभ्या रेघा खरवडून जाळी केलेली. मधल्या रेघा झिजून जवळजवळ पुसल्या होत्या, कडेच्या मात्र अजून टोचतील अशा. म्हणजे कुणीतरी ती चांगली वर्षानुवर्षं टाचेवर घासली होती. कधी, तर सातवाहनांच्या काळात. ढोबळ हिशेबाने दोन हजार वर्षांपूर्वी.

"आपल्या न्हाणीत असायची बघ अशीच. कुंभारानं दिल्याली. हितं कामून ठिवलीया?"

मला उत्तर सुचलं नाही. तसं आम्ही काही संग्रहालय बघायला तेरला आलोच नव्हतो. आलो होतो गोरोबाकाकांच्या दर्शनाला. आईचं माहेर तेरपासून तीनचार कोसांवर. लग्नाआधी ती चैत्रातल्या यात्रेला चालत यायची, असं दर वेळी सांगते. आता गुडघ्यांमुळे धाराशिवहून गाडी करून आलो. तेरणेच्या काठचं समाधी मंदिर झालं, त्रिविक्रमाचं देऊळ झालं, आणि ऊन असं चढलं की तिला बसायला सावली हवी झाली. संग्रहालय जवळ होतं. एवढंच कारण.

रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं हे सरकारी संग्रहालय. लामतुरे गावातलेच. आयुष्यभर त्यांनी तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तू गोळा केल्या आणि त्या संग्रहावर हे सगळं उभं आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या संग्रहालयात जग गोळा केलेलं असतं. इथे बहुतेक सगळं पायाखालचं आहे. मातीचे दिवे, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, पाय असलेले दगडी पाटे, नाणी, आणि मणी. मण्यांकडे मी नंतर येते, कारण खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आधी गाव. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या समुद्रावरच्या व्यापाराची एक वही लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तो म्हणतो, बॅरिगाझाहून, म्हणजे आपल्या भडोचहून, दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला 10 दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला माल येतो. पैठणहून अकीकासारखे दगड, आणि तगरहून कापड. साधं पुष्कळसं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल.

पुढे तगर कुठे गेलं हेच लोक विसरले. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला मोठ्या तोऱ्यात 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, पण ते तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची चांगलीच जुंपली होती. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी, कुणी धारूर. 1901 साली फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं. त्यांच्यामागोमाग हेन्री कझिन्स इथे आले आणि त्यांनी त्रिविक्रमाच्या देवळाकडे बघून ओळखलं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह आहे, विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. आई लहानपणापासून त्याच देवळात वामनापुढे हात जोडत आली आहे. मी तिला चैत्यगृहाचं सांगितलं तर म्हणाली, "देव कुणाचा का असंना, भिंत तर ऱ्हायली." पुढे 1958 मध्ये चापेकरांनी इथे खणलं, नंतरही अनेकदा खणलं गेलं.

आता गंमत बघा. ज्या कापडासाठी तगरचं नाव समुद्रापार गेलं त्याचा एक धागासुद्धा काचेमागे नाही. असणार कसा? आपल्या पावसापाण्यात सुती कापड मातीखाली किती टिकणार. वाळवी, ओल, बुरशी. आजीचं इरकल मी ट्रंकेत ठेवलं होतं, त्याची चाळीस वर्षांत घडीवर चाळण झाली. त्यामुळे तगर जे विकायचं ते गेलं, आणि जे घरात पडलेलं होतं, फुटलं म्हणून उकिरड्यावर टाकलं होतं, ते राहिलं. मलमल गेली, वजरी राहिली.

आईला मग उत्साह चढला. गुडघे विसरली. पाट्यापाशी गेली. एकाच दगडातून घडवलेला, खाली चार आखूड पाय असलेला पाटा. "ह्यो उचलायचा कसा गं, जड असल," म्हणाली, आणि लगेच स्वतःच, "पर बुडाला माती लागत न्हाई, धुवायला बरं." हे मला कधीच सुचलं नसतं. मी त्या पायांकडे कलाकुसर म्हणून बघत होते.

मातीच्या बाहुल्यांपाशी मात्र मी रेंगाळले. पांढऱ्या, बारीक कणांच्या मातीच्या, केओलीनच्या. त्या हाताने घडवलेल्या नाहीत. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्ही अंगं वेगवेगळी काढायची आणि ओली असतानाच जोडायची. आत पोकळ. बाजूने नीट बघितलं की कानाच्या मागून खांद्यावरून खाली उतरणारी सांध्याची रेघ दिसते. बोटाने पुसून काढायचा प्रयत्न केलाय, पण पूर्ण गेलेली नाही. बायकांच्या केसांची काय ती तऱ्हा! भांगावर दागिना, कानात एवढाली कुंडलं की मानच दुखावी. या जोडसाच्याच्या कसबाचा संबंध अभ्यासक रोमन जगाशी लावतात. असेल. मला त्या रेघेवरून मातीने माखलेले हात दिसले. गोरोबाकाकांच्या आधी हजारबाराशे वर्षं या गावात असं काम चालत होतं.

आईने तेवढ्यात गोरोबाकाकांची गोष्ट सुरू केली होती, एका अनोळखी मुलीला. सगळे संत बसलेत, मुक्ताई म्हणते, काका, तुम्ही कुंभार, सांगा यातलं कुठलं मडकं कच्चं? काका थापटणं घेऊन उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून बघतात. सगळे गप बसतात, नामदेव मात्र रागावतात. "हेच कच्चं," काका म्हणतात. मुलीने विचारलं, "आजी, वाजवून कसं कळतं?" आईने समोरच्या मडक्याकडे हात केला आणि म्हणाली, "पक्कं मडकं टणटण बोलतंय. कच्चं बद्द करतंय." मुलीने घाईघाईने आपल्या डोक्याला टिचकी मारून पाहिली.

तेरच्या हस्तिदंती बाहुलीबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात आटोपते. दागिन्यांनी मढलेली हस्तिदंती स्त्री, आणि अगदी तिच्या घराण्यातली एक 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. 79 चा, म्हणजे ती बाई त्याआधीच तिथे पोचली होती. तिसरी बहीण जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली. पॉम्पेईच्या बाईला लोक लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी आणि बहुधा आरशाची मूठ असावी असंही बऱ्याच जणांचं मत आहे. मला मूठच पटते. कुणीतरी रोमन बाई पॉम्पेईत रोज सकाळी आपल्याकडच्या एका बाईची कंबर पकडून स्वतःचं तोंड बघत असणार.

मला त्याहून जास्त आवडल्या त्या मातीच्या चकत्या. रोमन सोन्याच्या नाण्याची नक्कल, पण मातीत. राजाचं डोकं असावं अशी जागा, तिथे नाकडोळे पुसट, कडेला अक्षरांच्या जागी नुसते ठिपके. वर दोरा ओवायची सोय. पदकासारखं गळ्यात घालायचं. ज्यांच्याकडे खरं नाणं होतं ते खरं घालत असतील, बाकीच्यांसाठी हे. आपण आज वन ग्रॅमचं मंगळसूत्र घालून लग्नाला जातोच की. आणि आणखी एक आठवलं. आपली पुतळ्यांची माळ. पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावर माणसाची आकृती म्हणून पुतळी. म्हणजे इटलीची नाणी गळ्यात मिरवायची हौस आपल्या बायकांनी निदान दोनदा केली, मध्ये हजारेक वर्षांचा खंड पाडून. आईच्या गळ्यात त्या दिवशीही पुतळ्या होत्या. एक ग्रॅमच्याच. खऱ्या लॉकरमध्ये आहेत.

तर मणी.

एका बाजूला मण्यांचे ढीग होते. शंखाचे, काचेचे, भाजक्या मातीचे, अकिकाचे. त्यात तांबडे, उजेड धरणारे, गाजराच्या रंगाचे. मी तिथे उभी राहिले आणि मला आजोळच्या माळवदावर पाऊस पडताना जो वास यायचा तो आला. तुमच्यातल्या पुण्यामुंबईच्या लोकांना माळवद सांगावं लागेल. आमच्याकडे उतरती कौलं नसत. जाड दगडी भिंती, वर सागाची किलचणं, त्यावर पाला, आणि त्यावर हातभर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छप्पर. उजेडासाठी मध्ये एक सवणं. पावसाचं पाणी जायला पन्हळ. मृगाच्या आधी दर वर्षी माळवदावर नवी माती टाकायची, नाहीतर गळायचं.

ही पांढरी माती शेतातली नाही. शेताची काळी, गावाची पांढरी. जिथे शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरं उभी राहिली, त्या जागेची माती पांढुरकी होते. पिठासारखी मऊ, चोपली की घट्ट बसणारी, पाणी न मुरू देणारी. जुन्या गावाचं टेकाड म्हणजे छपरांसाठी मातीची खाण. आजी सांगायची, आमच्या आजोबांनी तेरकडून पांढरीच्या गाड्या आणल्या होत्या, कारण तिथली माती जगात भारी. जग म्हणजे त्यांचं कळंबपर्यंत होतं.

आता जोडून बघा. जुन्या तगरची माती आमच्या डोक्यावर होती. आम्ही सगळे, मामा, मामी, शेळ्या, कणग्या, मी, उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवाहनांच्या खाली झोपत होतो.

मी आठनऊ वर्षांची असेन. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पहिला पाऊस झाला आणि पन्हळीखाली जिथे धार पडते तिथे वीतभर खड्डा झाला. माती वाहून जाते, जड ते खड्ड्यात बसतं. त्यात खडे, खापराचे तुकडे, आणि एक मणी. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, केशरी. मला वाटलं गोळी आहे, लिमलेटची. चोखूनही बघितली. माझ्या मामेभावाने तोंडातून काढायला लावली आणि आम्ही भांडलो.

मणी आजीकडे गेला. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "पांढरीत घावत्यात असं," म्हणाली. "जुन्या बायांचं हायत." धाकट्या मामाचं बाळ तेव्हा दात काढत होतं आणि सारखं दुखणाईत. आजीने ठरवलं, हा मणी त्याच्या करदोड्यात ओवायचा, दृष्ट लागत नाही.

पण दोरा जाईना. मला ती दुपार स्पष्ट आठवते. आजी सवण्याच्या उजेडाच्या पट्ट्यात बसली आहे, काळा दोरा थुंकी लावून टोकदार करते आहे, दोरा आत शिरतो आणि बरोब्बर मध्यावर अडतो. दुसऱ्या बाजूने घातला तरी मध्यावरच. शेवटी तिने बैलाच्या शेपटीचा राठ केस आणवला, तो आधी घालून दोरा मागून ओढून घेतला. तोवर तिने मणी करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. "आंधळं व्हतं मेलं, भोक बी सरळ पाडाय येईना."

तेरला काचेमागच्या मण्यांपैकी एक फुटका होता. उभा चिरफळलेला, त्यामुळे भोकाचा आतला मार्ग उघडा पडलेला. तो एक मार्ग नव्हता. दोन होते. एक या टोकाकडून आलेला, एक त्या टोकाकडून, आणि मध्ये भेटताना अगदी केसाएवढी चूक झालेली. तिथे एक पायरी होती.

अकीक भयंकर कठीण. एकाच बाजूने आरपार भोक पाडत नेलं तर दुसरीकडून बाहेर पडताना कड टवका होऊन उडते आणि केलेली सगळी मेहनत वाया. म्हणून कारागीर निम्म्यापर्यंत एका बाजूने जायचा, मणी उलटा करायचा, आणि दुसऱ्या बाजूने यायचा. आतलं काही दिसत नाही, सगळं अंदाजाने. केसाएवढी चूक म्हणजे खरं तर त्याच्या हाताला दाद द्यायला हवी. आजीला तेवढं कळलं असतं तर तिने त्याला मेलं म्हटलं नसतं. किंवा म्हटलंही असतं, तिचा भरवसा नाही.

तिथे मी आईला हात धरून आणलं आणि तो फुटका मणी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दोरा हितं अडायचा." बोट अचूक पायरीवर होतं.

मग आमची चर्चा सुरू झाली की तो मणी गेला कुठे. आईच्या मते करदोडा बदलला तेव्हा तो वासराच्या गळ्यात गेला. मला आठवतं तो आजीच्या करंड्यात होता, कुंकवाने लाल झालेला. ज्याच्या कंबरेला होता तो मामेभाऊ आता लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "कसला मणी?" आणि नवीन मॉडेलची माहिती द्यायला लागला.

आणि माळवद तर राहिलंच नाही. 1993 चा गणपती विसर्जनाचा दिवस झाला आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप. आजोळ केंद्रापासून बरंच लांब होतं, भिंतीला नुसत्या भेगा पडल्या. पण तिकडे किती माणसं दगडमातीच्या घरांखाली झोपेतच गेली हे सगळ्यांनी ऐकलं होतं, आमच्या नात्यातलीही होती. आजी त्यानंतर महिनाभर अंगणात झोपली. घरात पाऊल टाकेना. जी माती तिने चाळीस वर्षं दर मृगाला आपल्या हातांनी चोपली, तिच्याखाली तिला डोळा लागेना. दिवाळीनंतर मामांनी माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजायचं, पण झोप लागायची.

उतरवलेली माती किती होती असं मला त्या दिवशी संग्रहालयाच्या पायरीवर बसून एकदम विचारावंसं वाटलं. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. आईने फोन स्पीकरवर ठेवला.

"मामा, माळवदाची माती कुठं टाकली होती हो?"

"कोणची? भूकंपाच्या साली उतरिवल्याली? वड्याकडंच्या वावरात पांगिवली की. धा-बारा गाड्या झाल्या. पांढरी माती, दोन साल ज्वारी अशी आलती, मानंला लागत व्हती."

"त्यात मणी दिसतात का? लाल, केशरी?"

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला.

"आता सोयाबीन हाय तिथं. रोटावेटर मारल्यावर मणी ऱ्हातोय व्हय? पर पावसानंतर ये. वड्याच्या कडंला बघू. तू काय आता हे गोळा कराया लागलीस व्हय?"

मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. खरं म्हणजे सहज नव्हतं, आणि पावसानंतर मी जाणार आहे. मिळालाच तर संग्रहालयात नेऊन दाखवणार आहे, हे आईला आधीच सांगून ठेवलंय. नाहीतर ती तो नातवाच्या कंबरेला बांधेल.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. तिच्या डोक्यात अजून ती पहिली काच होती.

"दादा, आपल्या न्हाणीत वजरी व्हती बघ, कुंभारानं दिल्याली. तिचं काय झालं रं?"

"काय व्हतंय तिला? हाय की न्हाणीत."

"आजून?"

"मग? टाचा काय फुटायच्या थांबल्यात व्हय?"